तथापि कोण बोलतं

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक विचारायचंच आहे. त्या दिवशी स्टाफरूममध्ये तुम्ही मला चोर समजला होतात ना?

लॉच्या दुसऱ्या वर्षाचा माझा सराव पेपर तुमच्या हातात. प्रश्न साधा. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी, आत शिरलेला पोस्टमन, कुत्रा चावला, मालक भरपाई देणं लागतो का? मी पानंच्या पानं कायदा उतरवलेला, निवाडे टाकलेले, आणि मधोमध ठसक्यात एक ‘तथापि’. तुम्ही चष्म्यावरून बघताय. “तू सुकापूरची ना? तुमच्या घरात ‘तथापि’ कोण बोलतं?” शेजारचे सर चहात बिस्किट बुडवताना फिसकन हसले. मी म्हटलं, “कोनी नाय.” “मग कुठल्या गाइडातून आलं हे? बोलून दाखव उत्तर.”

मी तापले की माझी जीभ सरळ गावाकडे पळते. “कुत्रा त्याचा हाय, पन नुसत्या मालकीवर त्याला धरता येत नाय. तो चावरा हाय हे त्याला ठाऊक पायजे. आनि ठाऊक नसता तर त्यानं पाटी कशाला लावली असती?”

तुम्ही पेन खाली ठेवलंत. “पाटी? ती उत्तरात कुठे आहे?” नव्हती. आणि मग एकदम मऊ आवाजात, “अगं, मग हेच लिही ना. प्रश्नात पाटी शोभेला टांगलेली नसते. कायदा सगळेच लिहितात, मार्क पाटीचे असतात.”

हा किस्सा मी कुठे कुठे सांगितलाय. माझ्या मॅडमनी मला उत्तर लिहायला शिकवलं, असा. पण सांगताना दर वेळी तो मऊ आवाज खटकतो. गाइडचा विषय कुठे गेला? सॉरी कुठे गेलं? तुम्ही शिकवत होतात की स्वतःला सावरून घेत होतात?

आता नवीन पनवेलला एका मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या खोलीत मी लॉच्या मुलांचा क्लास घेते. कुत्र्याचा तोच प्रश्न देते. आज एका मुलीचं उत्तर चाळताना शेवटी दिसलं, ‘सबब मालक जबाबदार ठरतो.’ हिच्या वडिलांचं बाजारात चपलांचं दुकान. इतकं कोर्टातलं मराठी हिला कुठून आलं? नक्की मोबाईलवरून उतरवलंय. सगळ्यांसमोर उभं केलं.

“सबब कोण बोलतं गं तुमच्या घरात?”

“अम्मी, मॅडम.”

“काहीही.”

“अल्लाकसम. अब्बा दुकानातून लेट आले की दारातच धरते, ‘देर का सबब क्या है?’ रोजचं आहे आमच्यात.”

क्लास हसला. तिला नाही, मला.

मी घसा खाकरला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, “छान. पण बाळा, सबबच्या आधी पाटी कुठे आहे?”

पाटी होती, मॅडम. दुसऱ्याच ओळीत. मी वाचलंच नव्हतं.

हे मी कोणाला पाठवणार? तुमच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा तसाही एकच आहे. तो मऊ आवाज आज माझ्या तोंडून निघाला, तेव्हा मी शिकवत नव्हते.