जानकीच्या फोटोतलं कुंकू

मी उज्वला हैबती पार्टे, वय ५४, धंदा फोटो काढणे व छापणे, राहणार महाड, शाळा चौथीपर्यंत, हा कागद माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. मला कोणी दम दिलेला नाही की गोड बोलून फिरवलेलं नाही. वकिलांनी तीन पानं लिहून दिली होती, त्यात माझं एकही वाक्य नव्हतं म्हणून परत केली. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करायला मी असेन असं वाटत नाही.

१. राहती खोली, भांडीकुंडी, बँकेतली शिल्लक आणि गळ्यातलं, हे सगळं मुलगी देवश्री हिला. देवश्री, मागची पन्हळ गळते, आधी ती बदल. रडणं नंतर.

२. दीर रामजी यांना काही नाही. हे गेल्यावर पंधरा दिवसांत "बायकांच्यानं मशीन चालणार नाय" म्हणून गाळा विकायला निघाले होते. मशीन मी अकरा वर्षं चालवलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दिलेलं आहे, ते घेऊन जावं.

३. गाळ्याचा हक्क, कॅमेरा, कॉम्प्युटर, तसबिरींचं सामान आणि फोटोचा प्रिंटर रखमा काशीराम उतेकर हिला. सध्या ती विधवा म्हणून माहेरी कापडे, ता. पोलादपूर, इथे भावाकडे राहते. ती माझी कोणी लागत नाही. तिला का, ते पुढच्या कलमात आहे.

रखमा, काम तू शिकशील, पण शाईचं नीट वाच. पुन्हा भरायची कार्ट्रिज घेताना आरपार दिसणारी घे, आत किती उरलं ते कळतं. चिप आपोआप शून्यावर येणारी असावी, नाहीतर शाई असून मशीन अडून बसतं. भरल्यावर हवेच्या भोकाचं बूच काढ. आणि मुख्य म्हणजे सहाही रंगांच्या बाटल्या एकाच जातीच्या घे. पिगमेंटची शाई महाग, पण टिकते; हलवून भरावी लागते, तळाला बसते. साधी पातळ शाई स्वस्त, छापल्या दिवशी जास्त लालभडक दिसते. गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. तू भुलू नकोस. मी भुलले.

४. आता ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी वैशाखात काशीरामची पहिली बायको जानकी तापाने गेली. सवाष्ण गेली म्हणून सासू सोनाबाईने कपाळभर कुंकवाचा फोटो निवडला. तेराव्याला तसबीर हवी होती. लग्नसराई होती, माझी चांगली लाल संपली होती, मुंबईहून यायला आठ दिवस. मी त्या एका कार्ट्रिजमध्ये साधी शाई भरली. लाल ते लाल, म्हटलं, कोण बघतंय.

पुढच्या वर्षी काशीरामने रखमाशी लग्न केलं. तसबीर दारासमोर, दुपारचं ऊन, वर चोवीस तास बल्ब. लाल उडालं. कुंकू आधी पिवळं पडलं, मग कपाळात विरून गेलं. सोनाबाई तसबीर घेऊन दुकानात आली.

"बघ गो उज्वला. सवतीचं कुंकू पुसलंन तिनं. काच काढून पुसलंन."

मी तसबीर उलटी केली. मागची खाकी पट्टी मी चिकटवलेली, तशीच होती, कुठे उचकटलेली नाही. काच कोणी काढलीच नव्हती. हे कळणारी मी एकटी. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, "देवाला ठाऊक."

दोन महिन्यांनी काशीराम एमआयडीसीतून पाळी संपवून येताना ट्रकखाली गेला. मग त्यांच्या वाडीने ठरवलंच, सवतीचं कुंकू पुसून हिनेच नवरा खाल्ला. रखमाला नेसत्या लुगड्यानिशी काढली. भावाच्या घरीही ती मागच्या दाराने ये-जा करते, कोणाच्या बारशाला तिला बोलावत नाहीत. ती माझ्याकडे आली होती.

"काकी, मी कशाला पुसू? तुमी एकदा सांगा ना. तुमचं ऐकतील ती."

"गिऱ्हाईक हाय, जा गो," म्हटलं मी. गिऱ्हाईक नव्हतं.

५. वरचं कलम माझ्या मरणानंतर वाचावं असं आधी लिहिलं होतं. शेजारच्या सरोजबाई टिपणीस वाचून म्हणाल्या, "उज्वला, मेल्यावर खरं बोलणार? तोवर तिनं काय करायचं?" तोंडावर बोलल्या, बरं केलं. गेल्या रविवारी रिक्षा करून वाडीत गेले आणि देवळात सगळ्यांसमोर सांगितलं. बाटली दाखवली. सोनाबाई म्हणाली, "मराया लागलीस, म्हून पुण्य करतेस. माझा सोन्यासारखा पोर शाईनं मेला व्हय?" कोणी मानलं नाही.

म्हणून जानकीचे दोन फोटो एकाच चौकटीत बसवले आहेत, डावीकडचा चांगल्या लालने, उजवीकडचा त्या बाटलीतल्या लालने. आज दोन्हीत कुंकू सारखंच आहे. मागे लाख लावून वाडीच्या पाच जणांच्या सह्या घेतल्या आणि देवळाच्या पश्चिमेच्या खांबाला, उन्हात टांगली. घरात वर्षावर लागलं, अशा उघड्या उन्हात शाई उडायला चार-पाच महिने लागतात. डॉक्टरांनी मला दोन सांगितलेत.

सरोजबाईंना मी या कागदाचा अंमल करायला नेमते. येत्या अक्षय्यतृतीयेला त्यांनी वाडीत जावं, सोनाबाईला पुढे बसवावं, लाख त्या पाच जणांनीच फोडावी. रखमाला बोलवावं. पण काच निघून सगळ्यांनी डोळ्यांनी बघेपर्यंत तिला पायरीखाली उभं ठेवावं. चौकटीला तिचा पदरही लागू देऊ नये, नाहीतर पुन्हा तिनंच पुसलं म्हणतील. तिला सांगावं, हे उज्वलाने लिहिलंय, तेवढं सोस.

वाचून पाहिलं, बरोबर आहे. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्ही माझ्याच.

सही: उज्वला हैबती पार्टे

उज्वलाबाईंनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. सरोज टिपणीस, निवृत्त शिक्षिका, महाड
२. अश्विन साळवी, औषधविक्रेते, महाड

महाड, ता. ४ डिसेंबर २०२५