अण्णा, तुम्ही वर्कशॉप बघून गेलात

प्रिय अण्णा,

उद्या नगरला निघायचंय, म्हणून आजच लिहिते. आईला हे वाचून दाखवणार नाही. ती आधीच घाबरलीय.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. माझी अकरावी संपली आणि सरांनी उन्हाळी इंजिनिअरिंग वर्गांची दोन माहितीपत्रकं दिली. एक पुण्याचं, रोबोटचे चकचकीत फोटो असलेलं. दुसरं नगरच्या कॉलेजचं, तीन आठवडे नुसतं वर्कशॉप. मी पुण्याचा फॉर्म भरला. खरं सांगू? घोडेगावात जळालेल्या पंपांच्या मोटारी रिवाइंड करायच्या तुमच्या दुकानात वाढले, आता ते ग्रीसचे हात नको वाटत होते.

परवा नगरहून फोन आला. मी तर तिथं फॉर्मही भरला नव्हता!

कॉलेजच्या बाई म्हणाल्या, "काल दुपारी दोनला तुझे वडील आले होते. हा नंबर त्यांनीच दिला. सगळं वर्कशॉप फिरले आणि एवढंच विचारलं, पोरींना मशिनीला हात लावू देता, का लांबूनच दाखवता?"

मी विचारलं, "दिसायला कसे होते?"

"पांढरा शर्ट. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं. पाणी दिलं, पण प्यायले नाहीत."

आई भाकरी थापत होती. मी तिला तुमच्या त्या अर्ध्या बोटाचं सांगितलं. "दुसरं कोन आसंल," म्हणाली. हात मात्र परातीतच थांबला.

मग मी पुण्याला फोन लावला.

"अगं, तुझं नाव काढलं आम्ही. काल दोनला वडील सांगून गेले ना! इथं मोटार खोलू देत नाहीत, पोरगी येणार न्हाई म्हणाले."

दोन्हीकडे दोनलाच, अण्णा?

माझ्या एकाही पालकसभेला कधी आला नाहीत! दुकान सोडवत नाही म्हणायचात. मग आता कसं सोडवलं? आणि हे सगळं समोर बसून मला एकदा तरी का नाही विचारलंत?

मी नगर घेतलं. भीतीनं नाही, तुमच्या त्या प्रश्नामुळे. तो मला सुचायला हवा होता. मी फोटोच बघत बसले. फॉर्मवर आईनं तुमच्या नावाआधी 'कै.' लिहिलं नाही. मीही तो तसाच पाठवला.

एक शब्द देते. मोटार खोलेन, चुकेन, पुन्हा खोलेन. पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटलं, तरी वळून बघणार नाही. तुम्ही निवांत बघत राहा.

तुमचीच,
सोनाली