मासळीच्या वासाचा अर्ज

अण्णा, आज सकाळी बांगडे केले. छावणीच्या बाजारातून चार आणले होते, बर्फातले, पण डोळे स्वच्छ आणि पोट घट्ट असलेले. आता दुपार झाली आहे, भांडी घासून झाली आहेत आणि वास अजून घरात आहे. खिडक्या मी उघड्याच ठेवल्या आहेत. तुम्ही असता तर पलंगावरून म्हणाला असता, "खिडकी लावून घे गं, वास जातोय बाहेर." तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली तरी मासे तव्यावर टाकले की मला तुमचं ते वाक्य ऐकू येतं आणि माझं डोकं फिरतं. आज ते जरा जास्तच फिरलं, म्हणून लिहायला बसले.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही मला पाचोडच्या बाजूच्या आपल्या गावाहून चिकलठाण्याला, कंपनीजवळच्या भाड्याच्या खोलीत आणलंत. एका रांगेत बारा खोल्या, वर पत्रे, पुढं सगळ्यांचा मिळून एक लांब ओटा आणि मागं प्रत्येक खोलीला नाल्याकडं उघडणारं एक लहान दार. सगळे तिला लाईन म्हणायचे. शेवटच्या खोलीत तुमच्याच प्रेस मशीनवरचे तुमचे जोडीदार राहायचे. त्यांना मी काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मावशी. त्यांचं गाव पैठणच्या धरणाखाली गेलं होतं. ते बौद्ध होते, आपण गावाकडं जमीनजुमला असलेली माणसं. तरी ती खोली त्यांना तुम्हीच मिळवून दिली होती. घरमालकाला तुम्ही म्हणाला होता, "माणूस चांगला हाय, माझी हमी." हे मी तुमच्याच तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून विसरता येत नाही.

त्या वर्षी मला दिवस मावळला की दिसेनासं व्हायचं. ओट्यावरून दोनदा पडले. दिव्यापाशी अभ्यासाला बसले की माझी अक्षरं रेघ सोडून खाली घसरायची आणि शाळेत मार बसायचा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पोरगी कुपोषित आहे म्हणाले, पालेभाजी, दूध आणि मासे खाऊ घाला म्हणाले. तुम्ही ओट्यावर डोक्याला हात लावून बसलात. "भाकरी थापताना माझी बोटं पोळत्यात, मासे कोण करून घालणार हिला?" मावशी नळावर कपडे धूत होती. तिथूनच ती बोलली, "मी हाय की भाऊ. लेकराच्या डोळ्याचं काम हाय, त्याला काय इचारायचं?"

मग दर रविवारी काका सायकलवर पैठणच्या रस्त्याला जायचे आणि धरणातली वाम घेऊन यायचे. सापासारखी लांब, बुळबुळीत. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा किंचाळले होते. मावशी तिला चुलीतली राख फासायची, म्हणजे हातातून निसटत नाही. मग बोटाएवढे तुकडे, मीठ, हळद, चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण. तवा तापला की ती तेलाच्या भांड्यात फडक्याची चिंधी बुडवून तवा नुसता पुसून घ्यायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तेल कामून घालत नाहीस?" ती हसली. "माय, ह्याच्या अंगात त्याचं त्याचं तेल हाय. आपण वरून कशाला वतायचं? आच बारीक ठिव आन् दम धर, ते आपुनच सोडतंय." आणि खरंच ते सोडायचं. तुकड्यांच्या कडेनं सोनेरी बुडबुडे यायचे, कातडी आकसून खरपूस व्हायची आणि आतलं मांस लोण्यासारखं राहायचं. तव्यात उरलेलं तेल ती भाकरीच्या तुकड्यानं टिपून माझ्या तोंडात घालायची. "हे टाकायचं नसतं, डोळ्याचं औषध ह्यातच हाय." गोळ्यांनी की त्या तेलानं, मला ठाऊक नाही. पण दिवाळीपर्यंत मला संध्याकाळी ओट्याची कड दिसायला लागली. काका जेवण होईपर्यंत माझी वही चाळायचे आणि घसरलेल्या ओळीखाली पेन्सिलनं बारीक रेघ ओढायचे.

आणि तुम्हीही जेवायचात, अण्णा. दर रविवारी. माझ्या ताटातलं नव्हे, स्वतःच्या ताटातलं. दुसऱ्यांदा मागून घ्यायचात, काटे चोखायचात, "वयनी, अशी चव आमच्या अख्ख्या गावात नाय" म्हणायचात. फक्त आपण दोघं तिथं जायचो ते मागच्या दारानं, नाल्याच्या कडेनं. मला वाटायचं तो जवळचा रस्ता आहे. एकदा मावशीनं कच्चे तुकडेच आपल्या घरी पाठवले तर तुम्ही ते परत नेऊन दिलेत. आपल्या खोलीतून वास गेला असता. तो त्यांच्या खोलीतून गेला तर तुमची हरकत नव्हती.

मग तो पावसाळा आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला आणि खेड्याखेड्यांतून दलित वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत माणसं वेगवेगळी बसायला लागली, हे तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही कुठं बसलात ते सांगितलं नाहीत. त्या रविवारी आपण जेवायला गेलो नाही. पुढच्याही नाही. मी विचारलं तर म्हणालात, "गप बस, दिवस चांगले नायत."

एका संध्याकाळी घरमालक आणि लाईनीतले दोघं आपल्या खोलीत येऊन बसले. घरमालक म्हणाला, "मी कुणाला काढत नाय. उद्या माझ्यावर यायला नको. तुम्ही लाईनवाल्यांनी अर्ज द्या, मग बघू." त्यातल्या एकानं तुम्हाला हसत विचारलं, "का हो, तुम्ही तर त्यांच्या पंगतीचे म्हणं?" मी कोपऱ्यात दप्तर आवरत होते. तुमच्याकडं पाहत होते. तुम्ही म्हणालात, "कुणी सांगितलं? आपुन त्यांच्या घरचं पाणी बी पेलो नाय कधी." असं सहज म्हणालात. एकदाही अडखळला नाहीत.

मग अर्ज कोण लिहिणार अशी बोलणी सुरू झाली आणि तुम्ही म्हणालात, "आमच्या पोरीचं अक्षर चांगलं हाय." माझ्यापुढं वहीचा कागद आला. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. नामांतराचं त्यात काही नव्हतं, जातीचं काही नव्हतं. "शेवटच्या खोलीतील भाडेकरूंच्या घरातून येणाऱ्या मासळीच्या उग्र वासामुळे आम्हा सर्वांस त्रास होतो" असं होतं. 'मासळीच्या' या शब्दापाशी माझा हात थांबला. मी वर पाहिलं. तुम्ही माझ्याकडं न पाहता म्हणालात, "लिही." मी लिहिलं. पहिली सही तुमची आहे, अण्णा. बाकीच्यांनी तुमची सही बघून सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खोली सोडली. एका हातगाडीत सगळा संसार मावला. लाईनीतलं एकही दार उघडं नव्हतं, आपलंही नाही. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. मावशीला ते कळलं असावं. ती माझ्या खिडकीशी थांबली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "माय, सांजचं दिसतंय ना आता नीट?" मी "व्हय" म्हणाले. ती गेली. तुम्ही माझ्या मागं उभे होता, पाठ भिंतीला लावून.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दोघं एकाच प्रेसवर होतात, म्हणून तुम्ही साहेबाला सांगून पाळी बदलून घेतलीत. काही वर्षांनी सुपरवायझर झालात, वाळूजला नव्या कंपन्या आल्या तशी तिकडं मोठी जागा मिळाली, स्वतःचं घर बांधलंत. विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या संक्रांतीला तुम्ही रेडिओ बंद करून अंगणात जाऊन बसलात. मी तिळगूळ दिला तर म्हणालात, "एवढ्यासाठी एवढं सगळं." मी विचारलं, "कशासाठी केवढं?"

माझे यजमान गेल्यावर मी तुमच्याकडं राहायला आले आणि त्याच साली तुम्हाला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी मटण बंद केलं, तळण बंद केलं आणि सांगितलं की आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खा, बांगडा, तारली, जे मिळेल ते. त्यातली चरबी रक्तवाहिन्यांना चांगली असते म्हणाले. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी दुसऱ्या दिवशी बांगडे आणले. चिंचेचा कोळ, लसूण, चिंधीनं पुसलेला तवा, बारीक आच. पहिला घास तोंडात घालून तुम्ही थांबलात. बराच वेळ चावत राहिलात. मग विचारलंत, "कुठं शिकलीस?" मी म्हणाले, "तुम्हाला नाय ठाऊक?" तुम्ही पाणी प्यायलात आणि दोन्ही मासे संपवलेत.

त्यानंतर सात वर्षं तुम्ही मासे खाल्लेत आणि खरोखर सुधारलात. दम लागायचा थांबला, रक्ताचे अहवाल चांगले आले, डॉक्टरांनी पाठ थोपटली. आणि मग तुम्ही माशांवर भाषणं द्यायला लागलात. भेटायला येईल त्याला सांगायचात, बांगड्यात कसं चांगलं तेल असतं, ते रक्त कसं पातळ ठेवतं, तळून खाल्ला तर त्याचा गुण कसा जातो, आच बारीकच कशी हवी. जणू हे सगळं तुम्हीच शोधून काढलं होतं. मी चहा घेऊन यायचे आणि ते ऐकत दारात उभी राहायचे. एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही की हे आम्हाला एका बाईनं शिकवलं. आणि पाहुणे नसतील त्या दिवशी मासे तव्यावर पडले की, "खिडकी लावून घे गं." स्वतःच्या घरात, अण्णा. कुणाच्या भीतीनं?

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. तुम्ही जाण्याच्या आदल्या वर्षी मला मावशी भेटली, छावणीच्या मासळीबाजारात. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण बांगडा उचलून कल्ला उघडून बघायची रीत तीच. मी ओळखलं आणि वळून निघाले होते. तिनंच हाक मारली. "लाईनीतली पोरगी ना तू?" काका जाऊन चार वर्षं झाली होती. ती सून-मुलाजवळ होती, आंबेडकरी वस्तीत, बुद्धविहारामागं तिसरं घर. मी तुमच्या हृदयाचं सांगितलं. तिनं माझ्या पिशवीतले दोन मासे काढून परत टाकले, दुसरे निवडून दिले. मग म्हणाली, "तो अर्ज तू लिहिला व्हतास ना? मालकानं दाखवला तवा ह्यांनी अक्षर लगेच वळखलं." मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ती म्हणाली, "मला म्हणले, बघ, पोरगी आता रेघ सोडत नाय. डोळं चांगलं झालं."

मी तिथं, त्या बर्फाच्या पाण्यात उभी होते. ती पुढं बोलली, शांतपणे. "तुझ्या बापाबरुबर पंगतीला बसल्याचं ह्यांनी कंपनीत कुणापाशी कधी काढलं नाय. काढलं असतं तर तुझ्या बापाला अवघड झालं असतं. पर मी त्यांच्यासारखी नाय. मला राग हाय, अजून हाय. तरी बापाला सांग, खायचं असंल तर ये म्हणावं एकदा. मी करून घालते. पर दिवसाढवळ्या यायचं आन् पुढच्या दारानं यायचं."

मी "सांगते" म्हणाले. घरी आले, मासे केले, तुम्हाला वाढले. सांगितलं नाही.

शेवटच्या महिन्यात तुम्ही स्वतःच विषय काढलात. पलंगावर पडल्या पडल्या, छताकडं बघत. "ती लाईनीतली, शेवटच्या खोलीतली लोकं. कुठं असत्यात, काही कळलं का गं?" तुमचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. मी चादर नीट करत म्हणाले, "मला काय ठाऊक?" तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडं वळलात.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिचा निरोप न सांगणं ही तुम्हाला मी दिलेली शिक्षा होती. तुम्ही त्याच लायकीचे होता, असंही सांगत आले, आणि तुमच्यावरचा माझा राग आजही तसूभर कमी झालेला नाही. पण हे पत्र कुठं पोचायचं नाही, म्हणून इथं खोटं लिहून उपयोग नाही. तुम्ही तिच्याकडं गेला असता, अण्णा. रिक्षात बसून, धापा टाकत का होईना, त्या पुढच्या दारानं आत गेला असता, मान खाली घालून जेवला असता, तिचं चार शब्द बोलणं ऐकून घेतलं असतं आणि मोकळे झाला असता. मग त्या अर्जाचा दोष घेऊन त्या कागदापाशी मी एकटी उरले असते, आणि ते मला नको होतं. बुद्धविहारामागं तिसरं घर. पत्ता मला पाठ आहे. मी अजून गेलेली नाही.