चादरीमागे धावलेलं हेलिकॉप्टर

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा निम्माच वाकून). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही बापलेक बरे आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

आमचं छोटं हेलिकॉप्टर तुला ठाऊकच आहे, चालवायला कोणी लागत नाही ते. रसायनांच्या बंद टाकीत तडे शोधायला माणूस उतरतो आणि कधी कधी वर येत नाही, म्हणून त्याच्याऐवजी हे उतरवायचं. आपण जागेवर आहोत की सरकलो, हे ते पोटाखालच्या कॅमेऱ्यातून जमीन बघून ठरवतं. परवा कारखान्याचे साहेब बघायला येणार, म्हणून कोणीतरी आमच्या कार्यशाळेची फरशी इतकी चकचकीत पुसली की कॅमेऱ्याला तीत काही दिसेचना. मग मी हुशारी केली आणि फुलाफुलांची चादर अंथरली. पात्यांच्या वाऱ्याने चादर सरकली, हेलिकॉप्टरला वाटलं आपणच सरकलो, ते तिच्यामागे धावलं, तशी ती आणखी पुढे. ही वरात थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांवर! सगळे उठून पळाले. बाबा (मीच कौतुकाने बोलावलेले) मात्र शांत बसून. म्हणाले, "अगं, घाबरलंय ते. धर त्याला." मी झेप घेऊन बटण दाबलं. कंबर तेव्हाच गेली.

घरी आल्यावर त्यांच्या धीराचं कौतुक केलं, तर म्हणाले, "धीर कसला? उठताच आलं नाही. हल्ली पटकन उठलो की जमीन सरकते."

मी विचारलं, "मग चालता कसे?"

"थांबतो. भिंतीला हात लावतो. डोळे आणि हात एकच सांगायला लागले की पाऊल टाकतो."

आत्या, हेलिकॉप्टरच्या अंगातही तोल आणि धक्का ओळखणारा सेन्सर आहे, पण तो सारखा कुरकुरतो म्हणून मी त्याचं फारसं ऐकत नव्हते. आता डोळा आणि अंग यांचं जुळल्याशिवाय हलायचं नाही, असं हेलिकॉप्टरला शिकवलं. काल ते कारखान्याच्या टाकीत उतरलं, जरा डुललं, स्थिर झालं आणि तडा दाखवून वर आलं. दोर बांधून तयार बसलेला माणूस दोर सोडून चहाला गेला. त्याच्या पाठीकडे मी बराच वेळ बघत राहिले.

तुझी,
भाची

ता. क. कारखान्याने मला काही महिने तिकडेच बोलावलं आहे. बाबा म्हणतात, मी एकटा राहीन. तू येशील का? मी बोलावलं असं सांगू नकोस, तुलाच करमत नाही म्हण.

आणखी एक ता. क. बाबांनी पत्र वाचलं. म्हणाले, "तिला उगाच त्रास देऊ नकोस." मग जरा वेळाने, "सकाळच्या गाडीने ये म्हणावं. स्टेशनवर मी येतो."