फाटकावरचा दिवा

११ डिसेंबर, गुरुवार
पोचले एकदाची मळवलीला! रिक्षात दुर्बीण, कॅमेरा, बॅटऱ्या आणि उरलेल्या जागेत मी. रिक्षावाल्यानं विचारलं, मावशी, तोफ हाय का काय. देहूरोडच्या लष्करी डेपोत तीस वर्षं काढलीत, तोफही आणली असती म्हटलं. बंगला झकास, अंगण मोकळं. राखणदार कोंडूभाऊ आणि त्यांची बायको बाया यांनी गरम पिठलं-भाकरी आणून दिली.

नाव ज्योत्स्ना, पण चांदण्याचा मला भयंकर राग. वीस तारखेला अमावास्या, त्याच संध्याकाळी सुहास येणार. नवरा तसा बरा आहे. वीस वर्षं ओरडून त्याला एक सवय लावलीय: अंगणात दुर्बीण दिसली की फाटकातच टॉर्च मालवायचा.

१२ डिसेंबर
शर्मिष्ठा तारकासमूहातल्या मधल्या ताऱ्याशेजारी एक फिकट तेजोमेघ आहे. तारा इतका झगझगीत, की शेजारचं काही दिसूच देत नाही. म्हणून ताऱ्याला चौकटीबाहेर ठेवायचं आणि शंभरेक फोटो एकावर एक रचायचे. प्रत्येक फोटोनं मेघ कणभर उजळतो.

पण फाटकावर रात्रभर बल्ब! मालवा म्हटलं तर कोंडूभाऊ ऐकेनात. त्यांच्या आज्यानं तिथं कंदील लावला, बापानं लावला. चोरांसाठी का, विचारलं. तर म्हणाले, दिसावं म्हनून न्हाई ताई, दिसू नये म्हनून दिवा हाय. काय दिसू नये, ते काही सांगेनात. डोकंच फिरलं माझं.

१४ डिसेंबर
मालकाला फोन लावून हुकूम मिळवला. बाया म्हणाली, मंग आमी हितं ऱ्हानार न्हाई. दोघं वाडीवर निघून गेली. जाताना भाऊ एवढंच म्हणाले, की त्याच्याकडं कुनी बघत न्हाई तवर ते जागचं हलत न्हाई. मी स्टुलावर चढून पक्कडीनं होल्डरसकट वायर तोडली. आता कसा लावतात बघू!

मेघ आला! काय सुरेख आला! एकटीच नाचले.

१६ डिसेंबर
शेवटी झाकण लावून वीस फोटो घ्यायचे असतात. पूर्ण काळे. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात, ते मूळ फोटोतून वजा करायचे. आज त्या काळ्या फोटोंत एक धूसर पट्टा आहे. झाकण सैल असणार. चिकटपट्टी लावली, वर काळी चादर.

१७ डिसेंबर
चिकटपट्टी, चादर, वर पत्र्याची पेटी. तरी आहे.

कॅमेरा बंगल्याकडे फिरवला, काही नाही. फाटकाकडे फिरवला, दाट. झाकण लावलेलंच.

एकशेवीस फोटो रचले. रचायला नको होते. खांदे आहेत. मान आहे.

१९ डिसेंबर
कॅमेरा कपाटात. दुर्बीण अंगणातच राहिली, कोण जातंय आणायला. एकटीला एवढं सामान उचलत नाही. उद्या सुहास आला की परवा सकाळी निघू.

झोप नाही. फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवते आणि बघतेच.

२० डिसेंबर, शनिवार
दुपारी वाडीवर गेले. माफी मागितली. भाऊंनी विचारलं, किती येळ बघितलंत. सगळ्या फोटोंचे मिळून अकरा तास, म्हटलं. ते उठून आत गेले. बाया म्हणाली, पावनं यायच्या आत दिवा लावा. तिनंच बल्ब हातात दिला.

होल्डर लोणावळ्याहून आणला. जोडला. लागत नाही. वायर आतून जळलीय. परत जोडत होते, तेवढ्यात दिवस मावळून अंधार पडला. पळत घरात आले.

सुहासला फोन. लोकलमध्ये आहे, कामशेत गेलं म्हणाला. येऊ नको म्हटलं तर हसतोय. टॉर्च चालू ठेव, काही झालं तरी मालवू नको — आवाज तुटत होता. ऐकलं का नाही, कोण जाणे.

७.४०
टॉर्च दिसला वाटेवर. चालू आहे. बाई गं, चालू आहे.

शेजारी काही नाही. पण उजेडाशेजारी दिसणारच नाही ना — मीच तर —

खिडकीतून ओरडतेय. त्यानं हात हलवला. फाटकाशी थांबला. अंगणात बघतोय — दुर्बीण — दुर्बीण मांडलेली आहे —

नको, सुहास, आज नको, आज ओरडणार नाही मी, टॉर्च राहू —