धाकूमामांनी बांधलेलं घर वारसा यादीत

भांडुप (पश्चिम),
मंगळवार

ती. धाकूमामांस,

कुंडलिकचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि परसातला फणस, तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. आमची विचारू नका. गेले आठ दिवस मी आणि जानकी एकमेकांकडे नुसते बघत बसलोय. (फोनच करणार होतो, पण मी ‘वारसा’ म्हणणार, तुम्ही ‘वारस’ ऐकणार आणि संध्याकाळपर्यंत आचऱ्यात सगळी भावकी जमणार. म्हणून पत्र.)

तर मामा, तुम्ही एकोणसत्तर साली बांधलेलं आमचं घर ऐतिहासिक वास्तू ठरतंय. पुढचं बसून वाचा.

आमच्या गल्लीतली चार घरं पाडून टॉवर व्हायचं ठरलं होतं. अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट; जानकीने किचनच्या टाइल्सचा रंगसुद्धा पक्का केला होता. अशात सई नावाची मुलगी वही आणि टेप घेऊन दारात आली. आर्किटेक्ट आहे म्हणाली, उपनगरातल्या जुन्या घरांची पाहणी चाललीय. मला वाटलं बिल्डरकडची असेल. चहा दिला, घरभर फिरवलं. (इथेच वाट लागली.) पुढच्या कोपऱ्यापाशी ती थांबली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “काका, ही गोलाई कुणाला सुचली?” आता तिला काय सांगू, की ओळंबा विहिरीत पडला आणि मामा म्हणाले, नजरेनं बांधतो? स्वयंपाकघरातल्या गोल खिडकीचे तिने चाळीस फोटो काढले. (चौकट कमी पडली म्हणून तुम्ही बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बसवलीत, हे आई शेवटपर्यंत सांगायची.) आणि जिना. माळा बांधून झाल्यावर तुम्हाला जिन्याची आठवण झाली, म्हणून तो मोरीवरून वळसा घालून चढतो. तिथे ती खालच्या पायरीवर बसलीच. “या जिन्यात एक संकोच आहे,” म्हणाली. मी म्हटलं, “आहे ना. माझा पलंग त्यात दोनदा अडकलाय.” तिने तेही लिहून घेतलं.

गेल्या सोमवारी वारसा समितीचं पत्र आलं. घर वारसा यादीत घालायचं योजलंय, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवा. यादीत गेलं की पाडता येत नाही, आणि खिडकी बदलायची म्हटली तरी परवानगी. आमचं घर नेमकं मधलं, म्हणजे टॉवरच अडला. शेजारचा राजाराम एवढंच म्हणाला, “कुंडल्या, त्या पोरीला चहा कशाला पाजलास?” तेव्हापासून मी समोर आलो की तो मोबाइलमध्ये बघतो. जानकी टाइलचा नमुना उशाशी घेऊन झोपते.

मला मात्र राहून राहून वास्तुशांत आठवते. पन्नास पाहुण्यांसमोर बाबा तुम्हाला म्हणाले, “धाक्या, ह्यां घर आसा की कोंबड्यांचो खुराडो?” तुम्ही हात धुतलेत, थैली उचललीत आणि निघालात, ते पुन्हा या घरात पाऊल टाकलं नाहीत. आईच्या बाराव्यालाही बाहेर ओट्यावर बसून गेलात. वास्तुशांतीच्या त्या जेवणाला मी सहा वर्षांचा होतो, तुमच्या शेजारच्या पानावर. तुमच्या पानातला भात तसाच होता, एवढं मला आठवतं.

बाकी ठीक. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा भाचा,
कुंडलिक

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तुम्ही येऊन समितीपुढे खरं काय ते सांगावं, की ओळंबा पडला होता आणि जिना विसरला होता. बांधणाऱ्यानेच सांगितलं की यात वास्तुकला नाही, नुसत्या चुका आहेत, तर घर सुटेल. तिकीट मी काढतो.

ता. क. २. पत्र पाकिटात घालण्याआधी हरकतीचा अर्ज भरायला बसलो. त्यांच्या कागदावर ‘बांधणारा’ या शब्दापुढे ‘अज्ञात’ छापलंय. ते खोडून तुमचं पूर्ण नाव लिहिलं, जरा चांगल्या अक्षरात. त्याच्याखाली हरकत लिहायची होती. अर्धा तास पेन धरून बसलो. शेवटी जानकीच म्हणाली, “राहू दे.” तिचा आवाज काही बरा नव्हता, पण म्हणाली. तेव्हा मामा, साक्ष नको. नुसते या, आणि आत येऊन जेवा.

ता. क. ३. तुमचं नाव कळवायला सईला फोन केला, तर तिने तुमचं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, जे. जे. ला होते. (तुमचं अपेंडिक्स तिथेच काढलं ना? म्हणजे खोटं नाही.) ती इतक्या आदराने गप्प झाली की मला पुढे खुलासा करवेना. तेव्हा ती भेटायला आली की कृपा करून सदरा वर करून टाके दाखवू नका.