दुसऱ्या सहीची जागा

प्रिय बाई,

अख्खी शाळा तुला बाई म्हणते, मग एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मीच का मागे राहू? चार महिने झाले तुझा आवाज ऐकून. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचशील, निदान माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला तरी.

आपली शिवणाची खोली चालू आहे, हे आधी सांगते. मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटली की साडेचारला कुलूप मीच काढते. मुलं पूर्वीसारखीच वृद्धाश्रमाच्या चादरी आणि लहान वर्गांची फाटकी दप्तरं शिवून देतात. पण तू गेल्यावर एकेक करत निम्मी पांगली. मोठी माणसंच टिकत नाहीत म्हटल्यावर पोरांनी कशाला टिकावं?

कात्रीचं सांगायला हवं. नाव वाचूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. जिभेमुळेच त्या पोरीला हे नाव पडलं, आणि त्याच जिभेनं तिनं तुला सगळ्यांदेखत ऐकवलं, "आमच्यासाठी येता, की 'बाई किती चांगल्या' हे ऐकायला?" ती सलग चौथ्यांदा उशिरा आली होती आणि तू तिला म्हणाली होतीस, यायचं नसेल तर येऊ नकोस. तू टेप गुंडाळून टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस. पाठोपाठ तीही गेली. मी मशीन चालवत राहिले.

त्या रविवारी तिच्या घरी गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, आई लॉन्ड्रीत कामाला. आईची कामाची पाळी बदलल्यापासून शाळा सुटली की पोरीला धावत घरी जावं लागे, आजोबांना औषध द्यायला, आणि मग परत आपल्याकडे. आजोबांचं उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. कात्री दारातच आडवी उभी राहिली. मी म्हटलं, "समजवायला नाही आले, नुसती बसायला आलेय." तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण चकार शब्द काढला नाही. पुढच्या रविवारीही नाही. गप्प बसणं मला किती जड जातं, ते तुला सांगायला नको! पण ठरवलं होतं, ही हाकलून देईपर्यंत जायचं.

तिसऱ्या रविवारी एक दप्तर बरोबर नेलं. त्याच्या पट्ट्याची शिवण काही केल्या टिकत नव्हती. आजोबांनी डाव्या हातानं ते ओढून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि असं काही "च्च" केलं, की इतकी वर्षं कपडे शिवणारी मी, ओशाळून गेले. कात्री खो-खो हसली. "मावशी, ते बॅगांच्या कारखान्यात कारागीर होते. तुमची शिवण त्यांना शिवीसारखी लागते!"

आता दोन्ही दिवस मुलंच आळीपाळीनं त्यांची चाकाची खुर्ची ढकलत आणतात. ते मुलांना पट्ट्याचा दुहेरी टाका शिकवतात, तोही "च्च"वर. एक च्च म्हणजे उसव, दोन म्हणजे सगळंच उसव. शाबासकीला आवाज नाही. दप्तर बाजूला ठेवलं की समजायचं, जमलं. पांगलेल्यांपैकी दोघं परत आली आहेत. कात्रीही परत यायला लागली, माझ्या शेजारी बसून शाळेतलं, घरातलं सांगत असते. मी सल्ले देत नाही, टाके घालत ऐकते. एकदा सहज म्हणाली, "बाई रागवायच्या, पण माझा उशीर मोजायच्या तरी. नाहीतर मी आले काय, गेले काय, कुणाला पत्ता असतो?" त्यावर मी नीट घातलेला टाकाच उसवून बसले. त्याचं कारण खाली लिहिते.

मुख्याध्यापकांनी कळवलंय की खोली आपल्याकडे राहायची तर पुढच्या शुक्रवारपर्यंत अर्जावर दोन जबाबदार माणसांच्या सह्या हव्यात, नाहीतर खोलीत जुनी बाकं ठेवणार. पहिली सही मी केली. दुसरी तुझ्याकडे मागायच्या आधी एक कबूल करायचं आहे, आणि पत्र खरं त्यासाठीच आहे. कात्रीला उशीर का होतो, ते त्या भांडणाच्या दिवशी मला ठाऊक होतं. तिच्या आईनं पंधरा दिवस आधीच सांगितलं होतं, "बाईंच्याही कानावर घाला" म्हणून. मी घातलं नाही. विसरले म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते. मुलं कशातही अडली की तुझ्याकडे धावायची; माझ्याकडे यायची ती सुईत दोरा ओवून घ्यायला. एक तरी गोष्ट फक्त मला माहीत असावी, असं वाटलं. एवढीशी हाव, आणि तिच्यापायी तुम्ही दोघी एकमेकींना नको ते बोललात. मंगळवारी हे कात्रीला सांगितलं. ती ताडकन उठून गेली. आज आली, मशीनवर बसली, माझ्याशी बोलली नाही. पण आली. तूही हवं तेवढं रागाव, मी ऐकून घेईन, फक्त खोलीत येऊन रागाव. अर्जावर दुसऱ्या कुणाचंही नाव मी घालणार नाही. तू नाहीच आलीस आणि बाकं आत आली, तर मी मुलांना घेऊन व्हरांड्यात सतरंजीवर बसेन. पोरांना तसं सांगूनही टाकलंय.

तुझ्या रागाला पात्र, तरीही तुझीच,
शिवणवाली